अडुसष्ट पावलं

२ फेब्रुवारी

प्रिय वस्ताद,
सप्रेम नमस्कार.

पोंऽ, पोंऽ, पोंऽऽऽ.

दोन आखूड आणि एक लांब. आज सकाळी जाग आली ती या आवाजाने. उठून बसलो, चष्मा चाचपडून शोधला, आणि मग लक्षात आलं की तुझ्या पहिल्या ट्रकचा तो रबरी भोंपू शेवटचा वाजला त्याला आता पंचेचाळीस वर्षं होत आली. फेरीवरून परतलास की तू शाळेच्या खिडकीखाली गाडी उभी करून तो दाबायचास. आत मी कविता शिकवत असायचो. सगळा वर्ग खिडकीकडे वळायचा आणि पहिल्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "गुरुजी, तुमचे मित्र आले. आता सुट्टी?" मी टेबलावर छडी आपटायचो. खरं म्हणजे वर्गात सगळ्यात जास्त सुट्टी मलाच हवी असायची.

आता खिडक्या घट्ट लावून बसतो तरी तावदानं दिवसभर गुणगुणतात. पेल्यातलं पाणी थरथरतं. मागे गोदामाचं कुंपण, पुढे हायवे, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत मी आणि माझी पुस्तकं. समोर तुझं घर दिसतं. गच्चीवरची निळी टाकी दिसते, दोरीवरचे कपडे मोजता येतात. जुना रस्ता होता तेव्हा माझ्या पायरीपासून तुझ्या पायरीपर्यंत एकोणीस पावलं होती. चहाचा कप घेऊन निघालो तर तुझ्याकडे पोचेपर्यंत तो निवायचाही नाही. रस्ता मोजायला आलेल्या इंजिनियरला विचारून मी हिशेब केला: आता अडुसष्ट. सहा लेन, आणि मधोमध छातीएवढी काँक्रीटची भिंत.

या अडुसष्ट पावलांना पत्राला चार दिवस लागतात. माझा पोस्टमन ते शहरात नेतो, तिथे शिक्का बसतो, आणि तुझ्या बाजूचा पोस्टमन ते तुझ्याकडे आणतो. भुयारी रस्त्यात वर्षभर पाणी तुंबलंय. पुलावरून यायचं तर बावीस किलोमीटरचा वळसा. मुलगा महिन्यातून एकदा गाडी घेऊन येतो. "पुढच्या खेपेला नक्की नेतो वस्तादकाकांकडे," म्हणतो, आणि पुढच्या खेपेला मला फ्लॅटचे फोटो दाखवतो. तिथे लिफ्ट आहे म्हणे. एप्रिलमध्ये मला हलवायचं ठरलंय. फोन करावा तर तुझा खिडकीकडचा कान इंजिनाने खाल्ला आणि दुसरा वयाने. तू नुसतं "काय? काय?" करत बसतोस.

सकाळी खिडकीत बसून मी एक वही भरतो. काल एक कोल्हा, आतल्या लेनमध्ये, अगदी भिंतीच्या पायथ्याशी. परवा दोन मांजरं आणि एक घुबड. मग ती पिवळी गाडी येते, फावडेवाला उतरतो, उचलतो, बादलीभर पाणी ओततो आणि जातो. फळा पुसल्यासारखं. कोण होतं, कुठे निघालं होतं, काही उरत नाही.

रोज सात वाजता तू गच्चीवरून टॉवेल हलवतोस आणि मी खिडकीतून रुमाल हलवतो, तेवढ्यावर दिवस निघतो. पण एकदा, फक्त एकदा, माझ्या दारात येऊन तो भोंपू वाजव. तू तो जपून ठेवलायस, मला ठाऊक आहे. मग मी मुकाट्याने त्या लिफ्टमध्ये जाऊन उभा राहीन.

तुझा,
मास्तर


२३ फेब्रुवारी

मास्तर,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. सर्दी झाली होती, ती छातीत उतरली, म्हणून पडून होतो. आता ठणठणीत आहे. गच्चीवरही येतोय, बघितलं असशील. अक्षर नेहमीप्रमाणे सूनबाईचं. गिअर सुटल्यापासून माझे हात पेन धरत नाहीत.

तुझ्या कोल्ह्याचं सांगतो. तुला वाटत असेल, तो रस्ता ओलांडताना मेला. नाही. जनावर जाताना मरत नाही रे, परतताना मरतं. तीन लेन ते कसंबसं पार करतं. ड्रायव्हरला दिसतं, तो जरा दाबतो, जरा सोडतो, निभावतं. मग समोर भिंत येते. ती खाली रुंद आहे आणि वर निमुळती. धरायला कड नाही. पाय ठेवला तर घसरतो. सिमेंट इतकं गुळगुळीत की नखसुद्धा लागत नाही. त्यात पाठीमागून गाड्यांचा वारा ढकलत असतो. मग ते वळतं. आणि वळलेलं जनावर आपल्याला अपेक्षित नसतं. आपण हिशेब केलेला असतो की हे पुढे जाणार. ते मागे येतं आणि सरळ चाकात जातं.

आतल्या लेनवाल्याला दोष देऊ नकोस. त्याच्या एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला गाडी. चुकवणार कुठे? आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं हेच: ब्रेक मार, पण स्टिअरिंग वळवू नकोस. जनावरासाठी वळलास तर माणसं मारशील.

हे सगळं का लिहितोय, तर तुझ्या डोक्यात काही खूळ शिरू नये म्हणून. मी तुला ओळखतो. चालता चालता कविता आठवत थांबणारा माणूस तू. तू रस्त्यावर पाय टाकायचा नाहीस. भोंपूचं बघू पुढे.

वस्ताद

(मास्तरकाका, बाबांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलंय. त्यांची प्रकृती बरी आहे, काळजी करू नये. सूनबाई.)


२७ फेब्रुवारी

प्रिय वस्ताद,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्या भिंतीचं तू असं वर्णन केलंस, जणू तिच्यावरून हात फिरवून आलास. लेका, तू उगाच ड्रायव्हर झालास, कविता करायला हवी होतीस.

पण एक विचारतो, रागावू नकोस. सोळा दिवस गच्ची रिकामी होती. मी रोज सात वाजता खिडकीत बसायचो, रुमाल मांडीवर. माझ्या वहीत त्या सोळा दिवसांत नऊ कुत्री, एक कासव आणि अकराव्या ओळीत "टॉवेल नाही" असं सोळा वेळा लिहिलंय. मग टॉवेल दिसला. टाकीआडून फक्त एक हात. आणि तो हलतो वरखाली, कपडे झटकल्यासारखा. तू तर आयुष्यभर टॉवेल अर्धगोल फिरवत आलास, समोरची काच पुसावी तसा.

मी छत्तीस वर्षं हजेरी घेतली आहे. मान वहीत असायची, तरी गैरहजर पोराच्या जागी दुसऱ्याने "हजर" म्हटलं की मला कळायचं. आवाज बदलून म्हणोत, तोंडावर हात धरून म्हणोत. आज गच्चीकडे बघताना तसं काहीतरी वाटलं. थट्टा करतोय म्हणून सोडून दे.

दुसरं. ती पिवळी गाडी दोन्ही अंगांनी फिरते. तुझ्या घराच्या थोडं पुढे भिंतीत जी खाच आहे, साखळी लावलेली, तिथून ती पलीकडे वळते, मी पाहिलंय. फावडेवाला तुझ्याकडे चहाला थांबतो असं तूच मागे लिहिलं होतंस. त्याला विचार ना, मला पाच मिनिटं गाडीत बसवेल का? मी लहान जागेत मावतो.

आणि लेनांचं नीट समजावून सांग. मी इथे बसून बघतो आणि मला तर काही तर्क दिसत नाही. जड ट्रक आतल्या लेनमध्ये रेंगाळतात, मोटारी बाहेरून पळतात. शिस्त नावाची गोष्ट आहे की नाही?

तुझा,
मास्तर


६ मार्च

मास्तर,

टॉवेलचं ऐकून हसू आलं. सर्दीत खांदा धरला, तो अजून सुटत नाही. अर्धगोल फिरवायला गेलो तर कळ येते, म्हणून वरखाली. झालं समाधान? आता शाळा सुटली तुझी, हजेरी बंद कर.

फावडेवाल्याला विचारलं. तो म्हणतो, "बाबा, माझ्या गाडीत जिवंत माणसाला बसवायची परवानगी नाही. मेलेलं असेल तर लगेच उचलतो." हसत म्हणाला, पण नियम खरा आहे. गाडीत कॅमेरा आहे, मागे फक्त पत्रा आणि ताडपत्री. तुला त्यातून आणला तर त्याची नोकरी जाईल.

लेनांचं ऐक. कागदावर बाहेरची लेन जड गाड्यांची, मधली चालत्या गाड्यांची, आतली पुढे काढायला. हे झालं कागदावर. बाहेरच्या लेनमध्ये बंद पडलेले ट्रक असतात, टायर बदलणारे असतात, उलट्या दिशेने येणारे मोटरसायकलवाले असतात. म्हणून भरलेला ट्रक एकदा आतल्या लेनमध्ये शिरला की जावयासारखा बसतो, उठतच नाही. मागच्याने हॉर्न दिला तर आरशात बघून मिशीत हसतो. मग मोटारवाला चिडतो आणि बाहेरून, दोन लेन कापत, सुसाट निघतो. म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याला काय दिसतं? संथ ट्रक. त्याला वाटतं, जमेल. त्या ट्रकाच्या आडून जी मोटार येते ती त्याला दिसलेलीच नसते. तीच मारते.

आणि सकाळी साडेसहाला जरा विरळ होतं. ड्रायव्हर चहाला थांबलेले असतात. तेव्हाच सगळे फसतात, जनावरं आणि माणसंही. मोकळ्या रस्त्यावर गाडी किती वेगात आहे याचा अंदाज येत नाही. तर ते तुझ्या वहीत लिही, आणि खिडकीतच बस.

पुढच्या महिन्यात मुलाच्या गाडीतून ये. किंवा जाण्याआधी येऊन जा. मी कुठे जात नाही.

वस्ताद

(काका, बाबा बरे आहेत. खांदा दुखतो इतकंच. सूनबाई.)


१२ मार्च

प्रिय वस्ताद,

मुलाने दिलेला मोबाईल मी कपाटातून काढला आणि सूनबाईला फोन लावला. सकाळी अकरा वाजता. ती म्हणाली, बाबा झोपलेत. तू आणि अकरा वाजता झोपलेला! संध्याकाळी लावला, तर बाबा अंघोळीला गेलेत. दुसऱ्या दिवशी लावला, तर बाबा फिरायला गेलेत. मी खिडकीतच होतो. तुमच्या दारातून मांजरसुद्धा बाहेर पडलं नाही.

तिसऱ्या खेपेला ती बोलताना अडखळली. मागे कोणीतरी कण्हत होतं की टीव्ही चालू होता, ते काही कळलं नाही. रस्त्याचा आवाज दोन्हीकडून येतो. फोनमध्येही आणि खिडकीतूनही, तोच ट्रक आधी तिच्याकडे वाजतो आणि मग माझ्याकडे.

माझी झोप गेली आहे. जेवण पुढ्यात येतं आणि तसंच राहतं. काल वही उघडली तर मी तारखेखाली काहीच लिहिलं नव्हतं, तुझ्या गच्चीचं चित्र काढून ठेवलं होतं.

म्हणून एकच प्रश्न विचारतो. शाळामास्तराची खोड म्हण. उत्तर फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. तू मला पहिल्यांदा ट्रकमधून नेलंस, मागे डांबराची पिंपं होती, वळणावर चाकासमोर काहीतरी आलं. काय आलं, आणि त्याचं पुढे काय झालं?

दोन ओळींत उत्तर दे. मग मी पुन्हा कधी काही विचारणार नाही.

मास्तर


१८ मार्च

मास्तर,

दोन ओळींत येणार नाही. तू विचारलं नसतंस तर मी हे बरोबर घेऊन गेलो असतो.

ससा आला होता. तू दरवाजाला चिकटून बसला होतास, डोळे मिटून काहीतरी म्हणत होतास. मी ब्रेक मारला. पिंपं मागून अशी आली की केबिनला ठोकर बसली. तू डोळे उघडलेस आणि "काय झालं?" म्हणालास. मी खाली उतरलो, चाकापाशी वाकलो, आणि वर येऊन तुला सांगितलं, "ससा होता. गेला गवतात."

तुझा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. घरी येईपर्यंत तू कविता केलीस.

गाडी थांबली, धूळ निवली,
गवत हलले, गेला ससा;
वाटेवरती उरला मागे
इवल्या पायांचा ठसा.

मग दरवर्षी ती वर्गात. माझ्या मुलाने घरी पाठ म्हटली, कालपरवापर्यंत सूनबाई नातवाला म्हणून दाखवायची. शेवटची ओळ आली की मी उठून बाहेर जायचो. तुला वाटायचं, याला कवितेतलं कळत नाही.

मास्तर, तो ठसा पायांचा नव्हता. ससा चाकाखाली गेला होता. मी त्याला उचलून गवतात ठेवला आणि हात पँटला पुसले. गवत हललं ते माझ्यामुळे.

चाळीस वर्षं गाडी चालवली. माझ्या चाकाखाली पुष्कळ आलं, मी कशाचाही हिशेब ठेवला नाही. पण तो ससा तू कवितेत जिवंत ठेवलास, त्यामुळे मला तो दरवर्षी पुन्हा मारावा लागायचा.

तर हे उत्तर. आता तरी पटली ना ओळख?

वस्ताद

(काका, हे लिहिताना मला रडू आलं. बाबांनी सांगितलं तसंच लिहिलंय. सूनबाई.)


२२ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी आता तुलाच लिहितो, कारण ते वाचणारी तूच आहेस आणि यापूर्वीची लिहिणारीही तूच.

पोरी, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. फेब्रुवारीतल्या त्या सोळा दिवसांत काय झालं ते मला कळलं आहे. तू मला दुःख नको म्हणून गच्चीवर जाऊन टॉवेल हलवत राहिलीस. नक्कल करणाऱ्या मुलाचं गणित तपासलं की आकडे सगळे बरोबर असतात आणि उत्तर तेवढं चुकतं. तुझं तसं झालं. ससा बरोबर, पिंपं बरोबर. कविता तर तुझ्या नवऱ्याला मीच शिकवली. पण शेवट चुकला. तो ससा गवतात गेला होता. वस्तादने मला स्वतः सांगितलं होतं, आणि वस्ताद माझ्याशी आयुष्यात खोटं बोलला नाही.

त्याच्या शेवटच्या दिवशी मी अडुसष्ट पावलांवर होतो आणि खिडकीत बसून मांजरं मोजत होतो. हे मला आता गिळता येत नाही. एप्रिलमध्ये मुलगा मला घेऊन जाईल. तिथे मी आठव्या मजल्यावरून खाली बघेन आणि तोच रस्ता दिसेल. त्याआधी मला त्याच्या खोलीत पाच मिनिटं उभं राहायचं आहे. त्याचा भोंपू एकदा हातात घ्यायचा आहे. इतकंच.

हे पत्र तुला सव्वीसला मिळेल. मी सत्तावीसला सकाळी साडेसहाला येतो. वस्तादच्याच पत्रांतून (तुझ्या म्हणू का?) मी सगळं शिकलो आहे. साडेसहाला विरळ असतं. संथ ट्रकाच्या आडून येणाऱ्या मोटारीवर लक्ष ठेवायचं. भिंत घसरडी आहे, म्हणून मी शाळेतलं लाकडी स्टूल बरोबर आणतो. आणि मुख्य म्हणजे मागे वळायचं नाही. मी वळणार नाही.

मुलाला विचारायला गेलो तर तो मला उद्याच घेऊन जाईल. मोबाईल बंद करून कपाटात ठेवतो आहे. तू समजावशील आणि मला तुझ्या तोंडून आणखी एकदा "बाबा झोपलेत" ऐकवणार नाही.

दार उघडं ठेव.

तुझे,
मास्तरकाका


२७ मार्च, सकाळी सहा

चि. सौ. सूनबाईस,

हा कागद मी टेबलावर, पेल्याखाली ठेवून निघतो आहे. पोचलो तर परत येऊन फाडीन. नाही पोचलो तर कोणीतरी तुला आणून देईल.

कवितेची पुस्तकं शाळेला. खिडकीतली वही त्या फावडेवाल्याला द्यावी, कारण तिच्यातल्या सगळ्यांना शेवटी त्यानेच पाहिलं आहे. मुलाला सांग, लिफ्टची भीती वाटली म्हणून गेलो असं नाही.

पांढरा शर्ट घातला आहे, दुरून दिसावा म्हणून. गुडघे जरा कुरकुरतायत, पण मधल्या सुट्टीपर्यंत उभं राहायची त्यांना सवय आहे. तावदानं आज हलकीच वाजतायत. म्हणजे चहाची वेळ झाली. निघतो.


त्याच दिवशी, सकाळी आठ

सूनबाई, वरचा मजकूर फाडणार होतो. पण तुला कळलं पाहिजे म्हणून त्याखालीच लिहितो. तू घरात शोधाशोध करत असशील, खाट रिकामी बघून हादरली असशील. मोबाईल कपाटातून काढला, पण तो काही चालू होईना. आता फावडेवाला परत जाताना हा कागद तुझ्या हातात देईल. तर घाबरू नकोस, आणि जे झालं ते ऐक.

स्टूल काखेत धरलं, चपला घातल्या, दाराच्या कडीला हात लावला. अलीकडच्या लेनमधून एक ट्रक गेला. मग थोडी शांतता झाली, हायवेवर होते तेवढी. मी मनात म्हटलं, हीच. आणि कडी काढणार तेवढ्यात दाराबाहेर आवाज झाला.

पोंऽ, पोंऽ, पोंऽऽऽ.

मी आधी मागे वळून पलंगाकडे पाहिलं. वाटलं, मी अजून झोपेतच आहे. मग कोणीतरी दारावर फावड्याचा दांडा ठोकला.

दार उघडलं. पायरीखाली फावडेवाला उभा, घामाघूम. मागे त्याची पिवळी गाडी, ताडपत्री अर्धी बाजूला टाकलेली. आणि त्याच्या पुढ्यात ती एकचाकी हातगाडी, मोठी जनावरं न्यायची. तिच्यात उशा घालून कोणीतरी बसलं होतं. एक पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये, तोफेसारखा माझ्या दारावर रोखलेला. खांद्यावर टॉवेल. मांडीवर भोंपू.

"काका, हे नियमात बसत नाही," फावडेवाला मला म्हणाला. जणू मीच त्याचा साहेब. "कॅमेऱ्यावर टोपी टाकलीय. पण काल तुमचं पत्र आल्यापासून म्हाताऱ्याने डोकं खाल्लं माझं. म्हणाले, उद्या मला जिवंत उचल, नाहीतर मास्तरला मेलेला उचलावा लागेल. ताडपत्रीखाली मेल्यासारखं पडून यायला तयार झाले. वाटेत दोनदा शिंकले."

स्टूल काखेतून निसटून पायरीवर पडलं.

"आणि हे काही पहिल्यांदा नाही," तो पुढे म्हणाला. "फेब्रुवारीत यांना मीच उचललं. भिंतीच्या पायथ्यापर्यंत गेले होते, चढता आली नाही, परत फिरले. उलटा येणारा मोटरसायकलवाला लागला. मी पोचलो तेव्हा पडल्या पडल्या हा भोंपू छातीशी धरून होते. मला म्हणाले, मास्तरला सांगायचं नाही, तो वेडा आहे, मला बघायला निघेल."

सूनबाई, पोरी, त्या पायरीवर उभं असताना मला दोन गोष्टी एकदम कळल्या. वस्ताद जिवंत आहे. आणि तो ससा नाही.

खालून त्याने माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं, मग पडलेल्या स्टुलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. टॉवेल खांद्यावरून काढला आणि हवेत फिरवला. सावकाश, अर्धगोल, काच पुसावी तसा.

"हजर," वस्ताद म्हणाला.